पॅकेजराव, आधी मागचा हिशेब द्या

पॅकेजराव,

‘सप्रेम नमस्कार’ मुद्दाम गाळला आहे. प्रेम उरलेलं नाही आणि नमस्कार करावा असं काही तुमच्या हातून झालेलं नाही. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्हीही कधी गुपचूप येत नाही. मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा, चौकाचौकांत फलक, दिवसभराची बैठक आणि संध्याकाळी पत्रकार परिषदेत एक आकडा, असा तुमचा थाट असतो. दुसऱ्या दिवशी तो आकडा पहिल्या पानावर छापून येतो. तिसऱ्या दिवसापासून तो कुठे जातो, हे विचारण्यासाठी हे पत्र.

तुमच्या दोन भेटी या शहराच्या, छत्रपती संभाजीनगराच्या, चांगल्या लक्षात आहेत. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी आठ वर्षांच्या खंडानंतर राज्य मंत्रिमंडळाची बैठक इथे झाली. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होते आणि तुम्ही ४९ हजार कोटींहून मोठे होतात. पुढे सात वर्षं गेली. १६ सप्टेंबर २०२३ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाचा समारोप दुसऱ्या दिवसावर आलेला असताना, मंत्रिमंडळ पुन्हा आलं. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होते. तुम्ही ४५ हजार कोटींहून अधिक होतात, सिंचनाचे १४ हजार कोटी वेगळे, म्हणजे मिळून ५९ हजार कोटींच्या घरात. दोन बैठका, एक लाख कोटींच्या पुढचे आकडे. मराठवाड्याचे आठ जिल्हे वाटून घ्यायचे म्हटले, तरी जिल्ह्याला १३ हजार कोटींहून जास्त येतात. एवढा पैसा खरोखर जमिनीवर उतरला असता, तर तो शोधायला माणसं लावावी लागली नसती. रस्त्याने चालताना दिसला असता.

तुमच्यावर माझा आरोप एकच आहे. मराठवाड्याचा जो पैसा हक्काने, मोजून, दरवर्षी यायचा होता, त्याच्या जागी तुम्ही येऊन बसलात. हक्क मागणाऱ्याला हिशेब विचारता येतो. तुम्ही मात्र मेहरबानी बनून येता आणि मेहरबानीचा हिशेब कोणी मागू नये अशी व्यवस्था करून जाता.

आधी तुमच्या आकड्याची फोड करू. २०२३ चे सिंचनाचे १४ हजार कोटी म्हणजे काय होतं? सुधारित प्रशासकीय मान्यता. सरकारी कचेरीत तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. धरण किंवा कालवा मंजूर होतो, पैसे वेळेवर येत नाहीत, काम रखडतं, सिमेंट-लोखंडाचे भाव वाढतात, भूसंपादनाचा मोबदला वाढतो, आणि मग त्याच जुन्या कामाच्या वाढलेल्या किमतीला नव्याने मान्यता घ्यावी लागते. ती मान्यता गरजेची असते, कारण तिच्याशिवाय पुढचं बिल निघत नाही. पण ती देणगी कशी झाली? शेजाऱ्याचे उसने पैसे वीस वर्षं थकवायचे आणि व्याजासह फुगलेली रक्कम भर चौकात ‘मदत’ म्हणून जाहीर करायची, असा हा व्यवहार आहे. उशीर तुमचा, वाढीव खर्च जनतेचा, आणि टाळ्याही तुम्हालाच.

मान्यता आणि पैसा यांत किती अंतर असतं, हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेला कोणताही सरपंच सांगेल. घोषणेनंतर मंत्रिमंडळाचा निर्णय, मग शासन निर्णय, मग प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता. त्यानंतर लेखाशीर्ष लागतं. मग अर्थसंकल्पात तरतूद, किंवा अधिवेशनात पुरवणी मागणी. तरतूद झाली तरी वित्त विभाग ती टक्क्याटक्क्यांनी मोकळी करतो. मग रक्कम निधीवाटपाच्या ‘बीम्स’ या संगणकप्रणालीवर दिसायला हवी, मग कोषागार, आणि तेव्हा कुठे ती पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या खात्यात. पुष्कळदा ती उगवते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर निविदा निघालेली नसते. ३१ मार्चच्या रात्री उशिरापर्यंत कोषागारात दिवे जळतात, जे खर्ची पडलं ते पडलं, उरलेलं परत जातं. पुढच्या वर्षी तीच रक्कम पुन्हा मागायची आणि मिळाली तर पुन्हा नव्याने जाहीर करायची. या सगळ्या पायऱ्यांतल्या फक्त पहिल्या पायरीवर तुमचा फोटो निघतो, पॅकेजराव. पुढच्या एकाही पायरीवर तुम्ही उभे नसता.

आता या शहराचं पाणी घेऊ. तुमच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा तोच आहे.

जायकवाडीचा नाथसागर इथून चाळीसएक किलोमीटरवर. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी त्या धरणाची पायाभरणी केली, फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. तिथून शहराला पाणी आणणाऱ्या दोन जुन्या जलवाहिन्या, एक ७०० मिलिमीटरची सत्तरच्या दशकातली, दुसरी १४०० मिलिमीटरची नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. शहर वाढलं, वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्याचे कारखाने वाढले, सातारा-देवळाई महापालिकेत आले. मोठी जलवाहिनी लागणार, हे केव्हाच कळलेलं होतं.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने शहरी नूतनीकरणाची जेएनएनयूआरएम ही योजना आणली. तिच्याबरोबरच मोठ्या महानगरांच्या यादीत न बसणाऱ्या शहरांसाठी दुसरी योजना आली. ८० टक्के केंद्र, १० टक्के राज्य, १० टक्के पालिका, अशी तिची विभागणी. इथली समांतर जलवाहिनी तीत बसवली. खर्च होता सुमारे ३६० कोटी. याहून सोपी अट शहराला पुन्हा कधी मिळाली नाही. आणि काय झालं? योजना खासगी भागीदारीत गेली आणि ७९२ कोटींची झाली. २०११ मध्ये करार झाला, २०१४ मध्ये कंपनीने शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला, २०१६ मध्ये महापालिकेने करार मोडला. जलवाहिनी आलीच नाही. मग १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली. १२ डिसेंबर २०२० ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पुढे ती केंद्राच्या ‘अमृत २.०’ मध्ये गेली आणि आकडा २,७४० कोटी झाला.

३६० पासून २,७४० पर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर तुमचं स्वागत झालं. प्रत्येक वेळी आकडा वाढला आणि प्रत्येक वेळी तो वाढल्याचंच कौतुक झालं. आधीची ८०-१०-१० ची वाटणी आता २५ टक्के केंद्र, ४५ टक्के राज्य आणि ३० टक्के महापालिका अशी झाली. ३६० कोटींच्या योजनेत महापालिकेला ३६ कोटी उभे करायचे होते. २,७४० कोटींच्या योजनेत तिचा वाटा झाला ८२२ कोटी. दोन जुन्या जलवाहिन्यांच्या गळत्या बुजवताना मेटाकुटीला येणाऱ्या महापालिकेने ८२२ कोटी कुठून आणायचे? शेवटी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हुडकोकडून कर्ज काढायला मान्यता दिली. तुमच्या भव्य आकड्यातला हा भाग कर्ज आहे आणि ते कधी तरी या शहराच्याच तिजोरीतून फिटायचं आहे, हे भूमिपूजनाच्या फलकावर कोणी लिहिलं नव्हतं.

या सगळ्या वर्षांत गल्लीत काय चाललं होतं, ते ऐका. तुम्ही बैठकीच्या सभागृहातून थेट विमानतळावर जाता, त्यामुळे ते तुमच्या नजरेला पडत नाही. या शहरात आठवड्याचे वार पाण्यावरून मोजतात. पाच-सहा दिवसांआड पाणी आलं तर बरं, उन्हाळ्यात काही भागांत गॅप आठ-दहा दिवसांवर जातो. फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली किंवा पैठण रस्त्यावर जलवाहिनी फुटली की सगळ्या शहराचं वेळापत्रक एका दिवसाने पुढे सरकतं. ज्या दिवशी पाणी यायचं, त्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नाही. ते बहुतेक बाईमाणूसच असतं. दाब इतका कमी की दारासमोर खड्डा करून नळ रस्त्याच्या पातळीखाली घेतलेला असतो, त्यात वाकून पाइप जोडायचा, मोटार लावायची, हौद भरला की गच्चीवरची टाकी, मग दोनशे लिटरचे निळे ड्रम, मग घागरी, बादल्या, शेवटी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा. गुंठेवारीच्या वसाहतींत नळच नाही. तिथे टँकरची वाट बघायची. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा बुडालेला दिवस, पाण्यापायी शाळा चुकवणारी मुलगी, टँकरला आणि जारला मोजलेले पैसे, हे सगळं त्या योजनेच्या खर्चातच धरायला हवं. तुमच्या एकाही पुरवणी मागणीत ते कधी धरलं गेलं नाही.

तुमचे पाठीराखे कोणत्या पक्षाचे, असं विचाराल तर सगळ्याच पक्षांचे. २३ मे २०२२ ला देवेंद्र फडणवीसांच्या नेतृत्वाखाली इथे जलआक्रोश मोर्चा निघाला. त्याच महिन्यात राज्यात दुसऱ्यांचं सरकार असताना पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ करण्यात आली. नळाला पाणी नसताना पूर्ण पट्टी घेणं अन्यायाचंच होतं. पण पट्टी अर्धी केल्याने महापालिकेच्या तिजोरीत पडलेला खड्डा कोणी भरून दिला नाही. उलट करोनाच्या काळात केंद्राने राज्यांना जादा कर्ज उचलायची मुभा दिली, तेव्हा त्यातल्या काही भागाला अटी होत्या आणि त्यातली एक अशी की शहरांनी मालमत्ता कराचे आणि पाण्याच्या शुल्काचे किमान दर ठरवावेत. वरून सांगायचं वसुली वाढवा, इथे येऊन सांगायचं पट्टी अर्धी करा, आणि मग पालिका कंगाल झाली की तिला तुमच्या पायाशी आणून उभं करायचं. पालिकेला भिकेला लावल्याशिवाय तुमचा मान वाढत नाही, हे आता आम्हाला कळलेलं आहे.

तुम्ही नव्हता तेव्हा मराठवाड्याजवळ काय होतं, तेही सांगतो, कारण तुमच्या गोंगाटात ते विस्मरणात चाललं आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या प्रादेशिक अनुशेषाची मोजणी केली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पाणी, वीजजोडण्या, प्रत्येक क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे, हे रुपयांत मांडलं. मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ७५० कोटी निघाला. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजला, तो ४ हजार कोटींवर गेला होता. राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमानुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. विकासखर्चाच्या निधीचं समन्यायी वाटप करण्याची जबाबदारी राज्यपालांवर आली आणि मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणं बंधनकारक झालं. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधीवाटपाचे निर्देशही दिले. या हक्कासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने आयुष्यं घातली होती. निजामाशी लढलेली ही माणसं स्वतंत्र महाराष्ट्रात मेहरबानी मागायला गेली नव्हती. ती आकडेवारी घेऊन गेली होती.

ते मंडळही निर्दोष नव्हतं. त्याच्या शिफारशी डावलल्या गेल्या, निर्देशांना फाटे फोडले गेले. तरी तिथे एक मोजपट्टी होती: कोणत्या क्षेत्रात किती मागे, यंदा किती दिले, किती खर्च झाले, किती बाकी. ३० एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाची शिफारस केली, पण मंडळ काही पुन्हा कामाला लागलं नाही. बरोबर त्याच काळात तुम्ही ५९ हजार कोटींचे होऊन इथे आलात. मोजपट्टी काढून घेतली आणि आकडा हातात ठेवला. माझा सगळा राग या अदलाबदलीवर आहे.

आणखी एक जागा रिकामी होती. एप्रिल २०२० मध्ये इथल्या महापालिकेची मुदत संपली आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. पावणेसहा वर्षं शहरात नगरसेवक नव्हते. जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक आले. वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेल्या संस्थांसाठी असतं, त्यामुळे राज्यातल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या वाट्याचा पैसा अडकून पडला. म्हणजे जो पैसा घटनेने बांधलेला, ज्याच्यासाठी कोणाचे आभार मानायचे नव्हते, तो निवडणुका न घेतल्याने अडला, आणि त्याच वर्षांत तुमच्या घोषणा मात्र वेळेवर होत राहिल्या. तुम्ही आलात तेव्हा सभागृहात उठून ‘मागच्याचं काय झालं?’ असं विचारणारा शहराचा एकही नगरसेवक नव्हता. तुम्हाला ते सोयीचंच होतं.

तुमच्या जातीचे सगळेच वाईट असतात, असं मी म्हणत नाही. जगात मंदी आली, महामारी आली, तेव्हा सरकारांनी खालच्या संस्थांना पैसा दिला आणि तो द्यायलाच हवा होता. जानेवारी २००९ मध्ये जागतिक मंदीच्या वेळी केंद्राने राज्यांना जादा कर्ज उचलायची मुभा दिली आणि शहरांना बस घ्यायला एकवेळची मदत दिली. तिला ३० जून २००९ ची मुदत होती. काम ठरलेलं, तारीख ठरलेली. त्याच वर्षी अमेरिकेने ७८७ अब्ज डॉलरचा कायदा केला. राज्यांना आणि शहरांना पैसा गेला, पण घेणाऱ्याने दर तीन महिन्यांनी हिशेब द्यायचा आणि तो संकेतस्थळावर कोणत्याही नागरिकाला पाहता यायचा, अशी सोय केली. २०२१ मध्ये तिथल्या राज्यांना आणि स्थानिक संस्थांना ३५० अब्ज डॉलर दिले, तेव्हाही २०२४ अखेर करार आणि २०२६ अखेर खर्च, अशी मुदत घालून दिली. तिथेही चुका झाल्या असतील. पण हिशेब मागणाऱ्याला तिथे दारोदार फिरावं लागलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याकडेही केंद्राने राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देणं सुरू केलं. १२ हजार कोटींपासून सुरू झालेली ती रक्कम पुढे वर्षाला दीड लाख कोटींवर गेली. त्यातलं मराठवाड्याच्या कोणत्या गावातल्या कोणत्या कामावर किती लागलं, हे एका पानावर मांडून दाखवा. हवा तर तुमच्या अधिकाऱ्यांना महिनाभराचा वेळ द्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाण्याने कहर केला. शेतं खरवडून गेली, सुपीक माती वाहून गेली आणि खाली खडक उघडा पडला. ऑक्टोबरात तुम्ही पुन्हा आलात, ३१,६२८ कोटींचे होऊन. खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख रोजगार हमीतून, असं जाहीर झालं. रोजगार हमी आधीपासून होती. तिच्यातून काम काढण्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, मोजमाप लागतं, मजुरांची हजेरी लागते, अंदाजपत्रकं करणारा तांत्रिक सहायक लागतो आणि एकाच्या अंगावर कितीतरी गावं असतात. तुम्ही ते ३ लाख आकड्यात धरले, त्या माणसांची भरती मात्र धरली नाही. ज्याच्या शेतात आता माती नाही, त्याला पेरणीआधी गाळ-माती टाकायची असते. पावसाळा तुमच्या शासन निर्णयासाठी थांबत नाही.

आता आमच्या मागण्या. त्यात नवा रुपयाही मागितलेला नाही.

पहिली, २०१६ आणि २०२३ च्या प्रत्येक घोषणेचा हिशेब जिल्हावार आणि कामवार छापा. त्यात नवं किती, जुनं किती, सुप्रमा किती, अनुदान किती आणि कर्ज किती. मान्यता कधी, पैसा खात्यात कधी आला आणि काम कुठवर गेलं. हा कागद मराठीत असावा आणि प्रत्येक पंचायत समितीच्या भिंतीवर लागावा.

दुसरी, वैधानिक विकास मंडळ पुन्हा उभं करा, अनुशेष नव्याने मोजा आणि निधीवाटपाचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवा. ती घटनेने दिलेली वाट आहे.

तिसरी, महापालिका आणि जिल्हा परिषदांचा वाटा त्यांच्या कुवतीवर ठरवा. पाच वर्षांच्या त्यांच्या उत्पन्नात न मावणारा हिस्सा त्यांच्या गळ्यात बांधून योजना मंजूर करणं म्हणजे ती रखडवण्याची मंजुरी देणं आहे.

चौथी, पैसा एप्रिल-मेमध्ये सोडा. मार्चमध्ये आलेल्या पैशातून बिलं निघतात, कामं होत नाहीत.

आणि नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनाही या पत्राची प्रत जाईल. पुढचा आकडा घेऊन तुम्ही आलात, तर त्यांनी हार घालण्याआधी वरचा कागद मागावा. न मागणाऱ्याला वॉर्डातले लोक त्याचं कारण विचारतील.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला आणि पुढे कोणतीही अट न घालता महाराष्ट्रात आला. अट घातली नाही म्हणून हक्क सोडला, असा अर्थ तुम्ही काढलात. तो चुकीचा आहे. आमचा वाटा मोजून द्या, वेळेवर द्या, दरवर्षी द्या. तेवढं झालं तर तुमची इथे कोणाला गरज पडणार नाही. तुम्ही पुन्हा कधीच येऊ नये, हीच या पत्राची खरी मागणी आहे.

छत्रपती संभाजीनगरातला एक करदाता